सही चालते आहे तोवर

आईला किंवा बाबांना डिमेन्शिया असल्याचं निदान झालं की घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच वाद सुरू होतो: सांभाळणार कोण? परदेशातल्या मुलाने परत यायचं, पुण्यातल्या मुलीनेच निभवायचं, की केअर सेंटर बघायचं? वाद खरा आहे, त्यातली दुखणीही खरी आहेत. पण तो चालू असताना एक मुदत संपत आलेली असते: आजारी माणसाची सही कायद्याने ग्राह्य धरली जाण्याची. आणि ‘तुम्हाला काय हवंय?’ हे त्या माणसाला कुणी विचारलेलंच नसतं.

इंग्लंडमध्ये सुरुवात याच प्रश्नाने होते. इथल्या २००५ च्या मेंटल कपॅसिटी ॲक्टनुसार निदान झालं म्हणून निर्णयक्षमता गेली असं धरता येत नाही. निर्णयक्षमता शाबूत असतानाच माणूस ‘लास्टिंग पॉवर ऑफ ॲटर्नी’ करून ठेवतो. एक पैशाअडक्यासाठी, दुसरी उपचार आणि देखभालीसाठी. सरकारी कार्यालयात नोंदवलेलं हे मुखत्यारपत्र क्षमता गेल्यावरही चालतं, किंबहुना त्यासाठीच ते असतं.

भारतात नेमकं उलट आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्यारी संपते. ‘बाबांचं कुलमुखत्यारपत्र आहे, काळजी नाही’ म्हणणारी घरं इथेच फसतात. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यातली पालक नेमण्याची सोय ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी वगैरेंसाठी आहे, त्यात डिमेन्शिया येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात उपचारांसाठी प्रतिनिधी नेमता येतो, पण त्याला फ्लॅट विकता येत नाही. मग पालक नेमून घ्यायला उरतं ते उच्च न्यायालय, म्हणजे वकील, वैद्यकीय अहवाल आणि महिनेच्या महिने.

तोवर घर चालतं ते ओटीपीवर. कोड बाबांच्या फोनवर येतो, मुलगी टाकते. किराणा आणि वीजबिल यावर निघतं. पण देखभालीच्या खर्चासाठी घर विकायची वेळ आली की दुय्यम निबंधकासमोर बाबांनाच बसावं लागतं. व्यवहार त्यांना समजत नाही असं दिसलं तर नोंदणी नाकारावी लागते, आणि ते योग्यच आहे.

म्हणून निदानानंतरचे पहिले काही महिने कागदांना द्यावेत. बँक खातं नवरा-बायकोच्या नावे ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’, म्हणजे दोघांपैकी कुणालाही एकट्याने चालवता येईल असं, करून घ्या. मुदत ठेवींकडे वेगळं बघा: अशी ठेव मुदतीआधी मोडायला बँक सहसा दोघांच्याही सह्या मागते, म्हणून ठेवी लहान आणि वेगवेगळ्या मुदतींच्या ठेवाव्यात. फ्लॅटवर दोघांची नावं असली तरी विकताना दोघांची सही लागतेच. मालमत्ता मोठी असेल तर १८८२ च्या ट्रस्ट कायद्याखाली खाजगी ट्रस्ट हा भक्कम मार्ग आहे, कारण करणाऱ्याची क्षमता गेली तरी विश्वस्तांचे अधिकार राहतात. घाईने मुलांच्या नावे बक्षीसपत्र करू नये. करायचंच तर ‘सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द दस्तात हवेत. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ त्याच आधारावर दस्त रद्द करू देतं.

मृत्युपत्राला स्टँप पेपर लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, पण दोन साक्षीदार लागतातच. ज्यांना वाटा मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. डिमेन्शियात हे मृत्युपत्र पुढे कोर्टात खेचलं जाण्याची शक्यता जास्त, म्हणून सहीच्याच दिवशीचं न्यूरॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञाचं पत्र जोडा: आपली मिळकत कोणती, वारस कोण, कुणाला काय देतोय हे मृत्युपत्र करणाऱ्याने स्वतःच्या शब्दांत सांगितलं, असं त्यात असावं. ‘प्रकृती ठीक’ एवढं पुरत नाही. वेळ सकाळची घ्या, कारण संध्याकाळी अनेकांचा गोंधळ वाढतो. चष्मा डोळ्यांवर आणि श्रवणयंत्र कानात आहे ना, बघा. प्रश्न मुलांनी नाही, डॉक्टरांनी विचारावेत, आणि तेवढा वेळ मुलांनी खोलीबाहेर थांबावं. व्हेंटिलेटर, नळीने अन्न यांबद्दलची इच्छाही तेव्हाच लिहून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशा इच्छापत्राची, म्हणजे लिव्हिंग विलची, पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो.

इंग्लंडमध्ये सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. २३,२५० पौंडांपेक्षा जास्त ऐवज असेल तर केअर होमचा खर्च स्वतःच करायचा, आणि जोडीदार घरात राहत नसेल तर बहुधा घरही त्या हिशेबात धरतात. आयुष्यभराची कमाई त्यात जाते. शिवाय आजार वाढला की नंतर शिकलेली इंग्रजी अनेकदा आधी सुटते, आणि मराठी बोलणारं तिथे कुणी नसतं. भारतातली आपली माणसं आणि ब्युरोमार्फत देखभालीला येणारी मावशी ही मोठी जमेची बाजू आहे. भारत सरकारकडे मागायचं ते क्षमता गेल्यावरही टिकणारं मुखत्यारपत्र.

इंग्लंडमधल्या केअर होममध्ये माणसाच्या सवयींची एक छोटी पुस्तिका खाटेपाशी ठेवतात. तशी वही आपल्याकडे कुणीही आज करू शकतं, मात्र ती आईने स्वतः सांगून भरायची. चहात साखर किती. हाक ‘आजी’ म्हणून मारलेली चालेल की ‘बाई’. आंघोळ देवपूजेआधीच, आणि डोक्यावरून पाणी घेतलेलं आवडत नाही. आईने आंघोळीला नकार दिला की नव्या मावशीला ‘हट्टीपणा’ दिसतो. त्या वहीतल्या शेवटच्या ओळीत त्याचं कारण असतं.