लाल नाही, हिरवाही नाही

गेले आठ महिने भेटेल तो माझ्या जुन्या गाडीबद्दल एकच प्रश्न विचारतोय, "रंग ठरला का?" ठरला. मरिनर ब्लू. 1990 साली कारखान्यातून बाहेर पडताना तिच्या अंगावर होता तोच निळा. पण जुन्या गाडीला मूळ रंगच द्यावा, या नियमाने मी तिथे पोचलेली नाही. तसा नियम मी मानतही नाही. कसं ठरलं ते जरा सविस्तर लिहिते, कारण जुनी स्पोर्ट्स कार रंगवायला काढली की जे सल्ले मिळतात, त्यातले निम्मे मला साफ चुकीचे वाटतात.

गाडी पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-5, दोन सीटची, वर उघडणाऱ्या दिव्यांची. माझ्याकडे आली तेव्हा लाल होती, पण फक्त बाहेरून. दार उघडलं की चौकटीत निळा, बॉनेट उचललं की निळा, डिकीतही निळा. आधीच्या कुणीतरी काचांची रबरंसुद्धा न काढता, टेप लावून वरवर लाल मारून घेतला होता. रबराच्या कडेने पोपडे सुटायला लागले होते. आणि तो लाल खरा लाल दिसतच नव्हता, मळकट विटकरी वाटायचा. त्याचं कारण पेंटरकाकांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. चकचकीत लाल आणि पिवळ्या शेड्सना खालचा रंग झाकण्याची ताकद कमी असते. खाली कोणता प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर आहे, तो पांढरट की करडा, यावर वरचा लाल कसा दिसणार ते ठरतं. इथे तर खाली निळा आणि वर मोजून दोन हात. मग दुसरं काय होणार?

तरी सगळ्यांचं म्हणणं एकच: स्पोर्ट्स कार आहे, लालच हवी. मला हे कधीच पटलं नाही. लाल हा शर्यतीत इटलीच्या गाड्यांचा रंग. पूर्वी शर्यतीत रंग संघाचा नसायचा, देशाचा असायचा. फ्रान्सचा निळा, बेल्जियमचा पिवळा, जर्मनीचा आधी पांढरा आणि 1930 च्या दशकात चंदेरी. ब्रिटनचा हिरवा. 1903 ची गॉर्डन बेनेट शर्यत आयर्लंडमध्ये झाली, कारण ब्रिटनच्या रस्त्यांवर शर्यतींना बंदी होती, आणि त्या यजमानांच्या मानाखातर ब्रिटिश गाड्या हिरव्या रंगवल्या असं सांगतात. जॅग्वारची ई-टाइप 1961 साली जिनिव्हात लोकांसमोर आली तेव्हा तिथे पोचलेल्या गाड्यांपैकी एक करडी होती आणि एक हिरवी. खुद्द फेरारीचं उदाहरण घ्या. 1964 मध्ये त्यांचा ड्रायव्हर जॉन सर्टीज फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला तो मेक्सिकोच्या शेवटच्या शर्यतीत, आणि त्या दिवशी त्याची फेरारी निळी-पांढरी होती. एन्झो फेरारी तेव्हा इटलीच्या संघटनेवर रागावले होते, म्हणून त्यांनी गाड्या अमेरिकेतल्या संघाच्या नावाने आणि त्याच्या रंगात उतरवल्या. लाल सुंदर रंग आहे, इटालियन गाडीवर तर फारच. पण वेगाचा रंग म्हणून त्याला एकट्याला मक्ता कुणी दिला?

मला स्वतःला हवा होता गर्द हिरवा. कित्येक वर्षं मनात तोच होता. या गाडीच्या आकाराला साठच्या दशकातल्या छोट्या ब्रिटिश रोडस्टरचा, म्हणजे उघड्या छताच्या दोन सीटच्या गाडीचा वारसा आहे, तेव्हा हिरवा तिला शोभणारच याची खात्रीही होती. पेंटरकाका म्हणाले, "ताई, शेड कार्डावर ठरवू नका. मी पत्र्यावर मारून देतो." त्यांनी भंगारातलं एक मडगार्ड आणलं, त्याचे टेपने तीन भाग केले आणि हिरवा, चंदेरी, निळा असे तीन रंग मारून दिले, वर क्लिअरच्या, म्हणजे पारदर्शक थराच्या हातासकट. हे प्रत्येकाने करावंच. कार्डावरचा बोटभर तुकडा सपाट असतो आणि गाडी कुठेच सपाट नसते. शिवाय तोच रंग मोठ्या पृष्ठभागावर जास्त उजळ आणि जास्त भडक वाटतो. फोनच्या पडद्यावर तर रंग बघूच नका, प्रत्येक पडदा स्वतःचाच रंग दाखवतो.

ते मडगार्ड मी तीन आठवडे गाडीशेजारी ठेवलं. सकाळी, भर दुपारी, ढगाळ दिवशी, रात्री दिव्याखाली बघितलं. हिरवा सकाळच्या उन्हात अप्रतिम दिसायचा. ऊन गेलं की मेलाच. मडगार्डचा फुगवटा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो तेच कळेना, नुसता काळसर गोळा.

मग या गाडीच्या आकाराबद्दल वाचलेलं आठवलं. तिचे डिझायनर शुन्जी तानाका यांनी जपानी नो नाट्याच्या लाकडी मुखवट्यांवरून प्रेरणा घेतली होती. त्या मुखवट्यावर भाव कोरलेला जवळपास नसतोच. नटाने मान किंचित खाली केली की सावली पडते आणि चेहरा उदास होतो, वर केली की उजेड पडतो आणि तोच चेहरा हसरा होतो. गाडीच्या अंगावर धारदार घड्या नाहीत त्या यासाठी. तिचा आकार उजेड-सावलीने दिसतो. गर्द रंगावर सावली दिसणार कशी? ती पडते, पण पडलेली कळत नाही. हे लक्षात आल्यावर मी अर्धा दिवस खूप अस्वस्थ होते, कारण मला आवडणारा रंग आणि या गाडीला लागणारा रंग वेगळे निघाले होते. ई-टाइपच्या लांब नाकावर हिरवा मला आजही तितकाच आवडतो. माझ्या गाडीवर नाही.

चंदेरीने आकार छान दाखवला, हे मान्य करते. धूळही कमी दिसते. पण मेटॅलिकमध्ये ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात आणि ते कसे बसतात यावर शेड बदलते. स्प्रे गनचा दाब, अंतर, हाताचा वेग, सगळ्याने. या गाडीचं बॉनेट ॲल्युमिनियमचं, दारं पोलादाची आणि बंपर प्लास्टिकचे. बंपर सुटे काढून रंगवायचे आणि त्यांच्या रंगात लवचीकपणासाठी वेगळं मिश्रण घालायचं. मेटॅलिक असेल तर बंपर आणि मडगार्ड शेजारीशेजारी बसवल्यावर दोन वेगळ्या गाड्यांचे वाटण्याचा धोका कायमचा. उद्या एखादा ओरखडा आला, तर तेवढाच भाग मारून भागत नाही, शेजारच्या पॅनेलपर्यंत रंग विरवत न्यावा लागतो. जुनी गाडी चालवायची म्हणजे खडे उडणारच. ती चालवण्यासाठी ठेवली असेल तर साधा सॉलिड रंग, म्हणजे असे कण नसलेला, घ्या, असं माझं ठाम मत आहे. त्यात मला आणखी एक समाधान आहे: त्या काळातली स्वस्त, हसरी, उघड्या छताची गाडी सॉलिड रंगातच खरी वाटते. 1989 साली शिकागोच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आली आणि बाजारात उतरली, ती लाल, पांढरा, निळा अशा सरळ रंगांत.

आणि रंग बदलणं म्हणजे किती काम, हे कुणी नीट सांगत नाही. दाराच्या चौकटी, बिजागऱ्यांच्या मागची जागा, बॉनेटची आतली बाजू, डिकीची पन्हाळ, दिव्यांच्या खाचा, सगळं आलं. इंजिनच्या खोलीचा रंग बदलायचा तर इंजिन उतरवावं लागतं. तेवढी तयारी नसेल तर दार उघडताक्षणी खोटं उघडं पडतं, माझ्याच गाडीचं पडत होतं. त्यामुळे मूळ रंगाकडे जाणं हा भावनेचा प्रश्न नंतरचा. आधी तो कामाचा प्रश्न आहे. आत निळा शाबूत असताना बाहेर निळाच दिला, तर गाडी आतबाहेर एक होते. आत काहीच शिल्लक नसतं, सगळा पत्रा उघडा करावा लागला असता, तर मी कदाचित पांढरा दिला असता. आणि त्याबद्दल मला जराही अपराधी वाटलं नसतं.

विकताना काय, हेही विचारून झालं. मी विकणार नाहीये. जो घेईल त्याचा विचार करून स्वतःची गाडी रंगवणं मला अजिबात पटत नाही.

तर निळा. पण निळाही लगेच मिळाला नाही. कारखान्याच्या कोडवरून मिसळलेला पहिला नमुना मूळ रंगाशेजारी धरला तर जरा जांभळट आला. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दोन्ही एकच वाटले होते, उन्हात फरक स्पष्ट दिसला. मग जिथे पस्तीस वर्षांत ऊन पोचलंच नाही अशी जागा शोधली. डिकीचा गालिचा उचलला, खालची धूळ पुसली, मऊ कापडाने हलकं पॉलिश केलं. आणि तो निळा असा उजळून आला की पेंटरकाकासुद्धा वाकून बघत राहिले. त्यांनी रंग मोजायचं यंत्र तिथे लावलं, मग डोळ्याने दोनदा सुधारलं, आणि तिसरा नमुना उन्हात धरला तेव्हा कडा कुठे आहे ते मला सापडेना.

सध्या गाडी करड्या प्रायमरमध्ये आहे, घासकाम चालू आहे, रंग पुढच्या आठवड्यात. डिकीतही निळाच मारायचा आहे. गालिच्याखालचा तो हातभर तुकडा मात्र टेप आणि कागद लावून झाकून ठेवायला सांगितलाय. तिथे नवा रंग जाणार नाही.