व्हीएफओला काउंटर आणि एकच ऑफसेट: एवढ्याने जुना सेट अचूक होत नाही

जुने हायब्रिड (व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर दोन्ही असलेले) रेडिओ सेट वापरणाऱ्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक, मंडळींत एक सल्ला फार फिरतो. स्वस्तातला आठ आकडी एलईडी काउंटर (फ्रिक्वेन्सी मोजून दाखवणारे यंत्र) घ्या, व्हीएफओच्या (डायलने फ्रिक्वेन्सी बदलणाऱ्या ऑसिलेटरच्या) कॉइलवरून कोॲक्स केबल बाहेर काढा, आयएफचा (सेटच्या आतल्या मधल्या फ्रिक्वेन्सीचा) ऑफसेट, म्हणजे ज्यात मोजलेला आकडा मिळवायचा किंवा ज्यातून वजा करायचा तो ठरावीक आकडा, एकदाच भरा, वीज सेटमधूनच घ्या. मग फ्रिक्वेन्सी १० हर्ट्झपर्यंत अचूक दिसेल. काउंटर जरूर घ्या. पण पुढच्या तिन्ही सूचना आणि शेवटचा दावा चुकीचा आहे, आणि त्यातल्या एका सूचनेने तर माणूस नकळत बँडबाहेर जाऊन बोलेल. उदाहरणाला केनवुडचा टीएस-५२० घेऊ.

“ऑफसेट एकदाच भरा.” या सेटमध्ये तीन ऑसिलेटर मिळून फ्रिक्वेन्सी ठरते: हेटरोडाइन क्रिस्टल (प्रत्येक बँडला वेगळा), व्हीएफओ आणि कॅरिअर. २० मीटरवर (१४ मेगाहर्ट्झच्या बँडवर) हिशोब असा: २२.८९५ वजा ५.५ वजा ३.३९५, म्हणजे १४.००० मेगाहर्ट्झ. डायल वर नेला की व्हीएफओ ५.५ वरून ४.९ कडे उतरतो. त्यामुळे काउंटरला “ऑफसेटमधून मोजलेला आकडा वजा” हा मोड हवा. बेरजेवर ठेवला तर आकडे उलटे पळतात. शिवाय ऑफसेट बँडगणिक बदलतो: २० मीटरला १९.५, ४० मीटरला १२.५, ८० मीटरला ९.०. त्यावर लोक म्हणतात, मेगाहर्ट्झचे आकडे सोडा, किलोहर्ट्झ तर बरोबर येतात ना?

तेही येत नाहीत. यूएसबी आणि एलएसबी (आवाज कॅरिअरच्या वरच्या किंवा खालच्या बाजूला पाठवणारे दोन मोड) यांच्या कॅरिअर क्रिस्टलांत सुमारे ३ किलोहर्ट्झचा फरक असतो: यूएसबीला ३३९६.५, एलएसबीला ३३९३.५. नुसत्या व्हीएफओवर बसलेल्या काउंटरला हा बदल कळतच नाही. २० मीटरवर यूएसबीत ऑफसेट जुळवला आणि तसेच ४० मीटरवर एलएसबीत आलात, तर डिस्प्लेवर २०० दिसत असताना सेट ७.२०३ वर असतो. आपल्याकडे ४० मीटरचा बँड ७.२०० ला संपतो. तुमचा अख्खा आवाज हद्दीबाहेर, आणि समोरचा आकडा मात्र निर्धास्त.

उपाय केनवुडनेच दाखवून ठेवला आहे. डीजी-५ हा त्यांचा डिस्प्ले तिन्ही सिग्नल घेऊन खरी फ्रिक्वेन्सी काढतो. टीएस-५२०एसला तो थेट जोडता येतो, मूळ टीएस-५२०ला डीके-५२० हे अडॅप्टर किट लागते. स्वतः बनवायचा असेल तर मायक्रोकंट्रोलरने तिन्ही मोजा. इथे एक युक्ती उपयोगी पडते. डायल फिरवताना फक्त व्हीएफओ बदलतो, म्हणून तो ०.१ सेकंदाच्या गेटने (मोजणीच्या कालावधीने) सतत मोजायचा. हेटरोडाइन आठने भागून १ सेकंदाच्या गेटने अधूनमधून मोजला तरी चालतो. तिथे ८ हर्ट्झचे रिझोल्यूशन मिळते. २८ मेगाहर्ट्झच्या बँडवर हा सिग्नल ३६.८९५ च्या पुढे जातो, तेव्हा भागणारी आयसी ७४एसीसारख्या वेगवान घराण्यातली हवी.

“कॉइलवरून कोॲक्स काढा.” हे कृपा करून करू नका. पातळ कोॲक्सला मीटरमागे सुमारे १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स असतो. ५०० पिकोफॅरडच्या टँकला (फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या कॉइल-कपॅसिटर जोडीला) नुसते २ पिकोफॅरड जोडले तरी ५ मेगाहर्ट्झला १० किलोहर्ट्झ सरकतात. ट्रिमरने ते भरून काढले, तरी केबल हलली की फ्रिक्वेन्सी हलणारच.

सिग्नल बफरनंतरच (व्हीएफओवर पुढचा भार पडू न देणाऱ्या टप्प्यानंतरच) घ्या, आणि तिथेही जे३१० या एफईटी ट्रान्झिस्टरचा सोर्स फॉलोअर लावा: इनपुटला ४.७ पिकोफॅरडचा एनपीओ (तापमानाने जवळजवळ न बदलणारा) कपॅसिटर, गेटला १ मेगओहम, सोर्सला ४७० ओहम, ड्रेनला १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा बायपास, आउटपुटला ०.०१ मायक्रोफॅरड आणि ४७ ओहम. हा बोर्ड टॅपपासून (सिग्नल घेतो त्या जागेपासून) २-३ सेंटिमीटरवर बसवा, कोॲक्स त्याच्यापुढे. मग एखाद्या स्थिर कॅरिअरवर झिरो बीट करून (दोन फ्रिक्वेन्सी जुळवून सूर शून्यावर आणून) काउंटरची केबल काढा-लावा. सूर बदलला तर बफर अपुरा आहे. आकडा नाचत असेल किंवा दुप्पट दिसत असेल, तर पातळी तपासा. हार्मोनिकही मोजले जात असतील.

झाकण उघडण्याआधी: फायनल व्हॉल्व्हच्या प्लेटवर सुमारे ८०० व्होल्ट असतात. प्लग काढा, थांबा, फिल्टर कपॅसिटर काही वॅटच्या १० किलोओहम रेझिस्टरने उतरवा आणि मीटरने खात्री करून मगच हात घाला.

“वीज सेटमधूनच घ्या.” एलईडीचा करंट पेटलेल्या रेघांप्रमाणे बदलतो, १११ ला कमी, ८८८ ला जास्त. व्हीएफओची ९ व्होल्टची लाइन त्यात वाटून घेतली तर आकडा बदलताच व्होल्टेज हलते आणि व्हीएफओही. वेगळा ट्रान्सफॉर्मर आणि ७८०९ रेग्युलेटर वापरा. मोबाइलचा चार्जर नको, त्याचा गोंगाट रिसीव्हरमध्ये येतो. मल्टिप्लेक्स डिस्प्लेही खरखर करतो, म्हणून धातूची पेटी करा आणि केबलचे ८-१० वेढे ३१ मटेरियलच्या फेराइट रिंगवर द्या.

“१० हर्ट्झपर्यंत अचूक.” शेवटचा आकडा दिसणे आणि तो खरा असणे यात बरेच अंतर आहे. काउंटरचा क्रिस्टल १० पीपीएमने (दहा लाखांत १० भागांनी) चुकला की १४ मेगाहर्ट्झला १४० हर्ट्झ गेले. एकाच ऑफसेटवाल्याची पंचाईत याहून मोठी: २२.८९५ चा जुना क्रिस्टल २० पीपीएमने सरकला तर सुमारे ४६० हर्ट्झ चुकतात आणि डिस्प्लेला पत्ताही लागत नाही.

काउंटरचा टाइमबेस (मोजणीला आधार देणारा क्रिस्टल) जीपीएसवर लॉक केलेल्या १० मेगाहर्ट्झशी जुळवा. तो नसेल तर दुसऱ्या रिसीव्हरवर चीनच्या बीपीएम या प्रमाणवेळ प्रसारण केंद्राच्या १० मेगाहर्ट्झशी एक ऑसिलेटर झिरो बीट करून काउंटरने मोजा. सेट अर्धा तास तापू द्या. मग २५ किलोहर्ट्झचा अंतर्गत कॅलिब्रेटर (दर २५ किलोहर्ट्झला खुणेचा सिग्नल देणारा) लावून प्रत्येक बँडवर, यूएसबी आणि एलएसबी दोन्हींत, झिरो बीटला काय आकडा येतो ते लिहून घ्या. फक्त एकाच मोडमध्ये ३ किलोहर्ट्झची उडी दिसली, तर कॅरिअरचा सिग्नल काउंटरपर्यंत पोचत नाही. सोल्डरचे सांधे तिथूनच तपासायला घ्या.