कॅशियर काकांच्या कमेंटला उत्तर (लांबलंय, आधीच सांगतो)

काका, सव्वीस वर्षं कॅशियरच्या खुर्चीत काढून रिटायर झालो असं तुम्हीच लिहिलंय म्हणून काका म्हणतोय, राग मानू नका.

तुमची कमेंट तीनदा वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा डोकं सणकलं, दुसऱ्यांदा वाटलं की माणूस बरोबर बोलतोय पण फार जोरात बोलतोय, आणि तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर मी तो सिनेमा परत लावून बसलो. म्हणून उत्तराला चार दिवस लागले. बाकीच्यांनी खालची सगळी मारामारी वाचली नसेल तर थोडक्यात सांगतो. मी 'थर्टी मिनिट्स ऑर लेस' या २०११ च्या इंग्लिश कॉमेडीवर लिहिलं होतं. दोन रिकामटेकडे एका पिझ्झा पोचवणाऱ्या पोराच्या अंगाला बॉम्ब बांधतात आणि सांगतात, जा, बँक लुटून एक लाख डॉलर आण. ते पोरगं आपल्या शाळामास्तर मित्राला सोबत घेतं आणि दोघं निघतात. मी लिहिलं की मजा आली, लोकांनी उगाच नावं ठेवली, आणि ज्यांना हसू आलं नाही त्यांना सिनेमा कळलाच नाही. त्यावर काकांचे तीन मुद्दे. एक, पब्लिकने रेटिंग कमी दिलं म्हणजे सिनेमा पडेल, तुम्ही कोण टिकोजी. दोन, लॉजिक शून्य, चोर इतके बावळट नसतात आणि असल्या येड्यांना कुठलीही बँक पैसे देणार नाही. तीन, असाच प्रकार खरोखर घडून एका माणसाचा जीव गेलाय आणि तुम्ही त्यावर दात काढताय.

रेटिंगचं पटकन उरकतो कारण त्यात फारसा दम नाही. रॉटन टोमॅटोज या समीक्षा गोळा करणाऱ्या साईटवर जे टक्के दिसतात ते मार्क नसतात हो, किती जणांना आवडला ती डोकी मोजलेली असतात. शंभर समीक्षकांनी जर 'ठीक आहे, दहात सहा' म्हटलं तर सिनेमा शंभर टक्के होतो, आणि पन्नास जण वेडे होऊन नाचले आणि पन्नास जण शिव्या घालत बाहेर आले तर पन्नास टक्के. आता यातला कुठला सिनेमा तुम्ही बघाल? मी तर दुसरा बघेन. सिनेमास्कोर म्हणून जो प्रकार आहे तो रिलीजच्या पहिल्या रात्री थेटरातून बाहेर पडणाऱ्यांकडून ग्रेड भरून घेतो, म्हणजे जे आधीच तिकीट काढण्याइतके उत्सुक होते त्यांनाच विचारतो, त्यामुळे ट्रेलरमध्ये जे दाखवलं तेच मिळालं का एवढंच त्यातून नीट कळतं. कॉमेडीला तर सरासरी लावूच नये. हसू येतं नाहीतर येत नाही, साडेपाच इतकं हसू कुणाला येतं? तेव्हा हा मुद्दा मी सोडून देतो, तुम्हीही सोडा.

लॉजिकचा मुद्दा मात्र भारी आहे, आणि त्यात तुम्ही अर्धे बरोबर आहात. गंमत म्हणजे तुम्हाला वाटतंय त्याच्या उलट्या अर्ध्यात.

तुमचं म्हणणं की चोर इतके बावळट नसतात. काका, असतात! १९९५ साली अमेरिकेत पिट्सबर्गला एका माणसानं एकाच दिवशी भरदिवसा दोन बँका लुटल्या, तोंडाला फडकं नाही की बुरखा नाही, कारण त्यानं चेहऱ्याला लिंबाचा रस चोळला होता. लिंबाच्या रसानं कागदावर लिहिलं की अक्षरं दिसत नाहीत ना, मग तोंडाला लावला की कॅमेऱ्यात तोंड दिसणार नाही, असा हिशोब. पोलिसांनी फुटेज टीव्हीवर दाखवलं आणि तो लगेच सापडला, तर याचं आपलं एकच, अहो पण मी रस लावला होता. डनिंग आणि क्रूगर या दोन मानसशास्त्रज्ञांचा १९९९ चा तो गाजलेला पेपर आहे ना, ज्याला येत नाही त्याला आपल्याला येत नाही हेही कळत नाही सांगणारा, त्याची सुरुवातच या बाबाच्या किश्श्यानं होते. हे एखाद्या लेखकानं सिनेमात घातलं असतं तर तुम्ही आणि मी दोघंही म्हणालो असतो की काय फेकतोय.

तेव्हा चोर येडा चालतो. चालत नाही ती येडी बँक. इथे तुम्ही बरोबर आहात आणि माझ्या पोस्टमध्ये मी हे पार खाल्लं होतं. बँकेवरच्या विनोदी सिनेमात चोरांनी वाटेल तो गाढवपणा करावा, पण समोरची बँक दगडासारखी खरी पाहिजे. काउंटर खरा, नियम खरे, अलार्म खरा. बँकही ढिली, गार्डही ढिला, पोलीसही ढिले असले की चोराच्या गाढवपणाला आपटायला भिंतच उरत नाही आणि मग थेटरात जांभया सुरू. लोक बाहेर येऊन 'लॉजिक नव्हतं' म्हणतात ना, त्यांना बहुतेक वेळा हेच म्हणायचं असतं, फक्त शब्द चुकीचा पडतो. प्लॅनमध्ये भोकं होती ही त्यांची तक्रारच नसते, भोकं असलेला प्लॅन पार पडला याचा राग असतो.

तुमच्यासारख्या काउंटरमागच्या माणसानं बघायलाच हवा असा एक सीन सांगतो. 'टेक द मनी अँड रन', १९६९, वुडी ॲलन. हा बँकेत जातो आणि कॅशियरला चिठ्ठी सरकवतो, की पिशवीत पैसे भर, माझ्याकडे बंदूक आहे. पण अक्षर इतकं दिव्य की कॅशियर 'गन'च्या जागी 'गब' वाचतो आणि शांतपणे विचारतो, गब म्हणजे काय? मग शेजारचा येतो, चिठ्ठीवर चर्चा, नाही हो हा 'एन' आहे, नाही हा 'बी'च आहे, आणि शेवटी याला सांगितलं जातं की पैसे पाहिजेत तर आधी या चिठ्ठीवर साहेबांची सही आणा. बँकेतलं कुणीही येडं नाहीये तिथे! सगळे आपापलं काम चोख करतायत, तुम्ही सव्वीस वर्षं केलंत तसंच, आणि म्हणूनच पोट दुखेपर्यंत हसायला येतं. कॅशियर बावळट दाखवला असता तर सीन तिथेच मेला असता.

'क्विक चेंज' (१९९०) तर याच्याही पुढे जातो. बिल मरे जोकरच्या वेशात बँक लुटतो, साथीदार ओलिसांमध्ये मिसळून बाहेर पडतात, हाही वेश बदलून ओलीस बनून निघतो, सगळं पहिल्या तुकड्यातच फत्ते. आणि मग उरलेला सिनेमाभर यांना विमानतळावर पोचता येत नाही. पैशांचा ढीग सोबत, आणि बसचा ड्रायव्हर म्हणतो, बरोब्बर तेवढी चिल्लर असेल तरच चढायचं. कसला माणूस आहे तो! नियम म्हणजे नियम. मी तुमची कमेंट वाचताना मला अधूनमधून तोच दिसत होता, खरं सांगतो, आणि हे मी कौतुकानं म्हणतोय. आणि मागावर असलेला पोलीसप्रमुखही अजिबात बुद्दू नाही, त्यामुळे प्रत्येक दहा मिनिटांचा उशीर आपल्या जिवाला लागतो. तुमच्या लॉजिकच्या परीक्षेत हा सिनेमा पास होतो बघा.

(एक अवांतर. १९५१ चा ब्रिटिश सिनेमा आहे 'द लॅव्हेंडर हिल मॉब', त्यात वर्षानुवर्षं सोन्याच्या गाडीसोबत इमानेइतबारे जाणारा एक साधा कारकून तेच सोनं पळवतो. त्याच्या लेखकानं म्हणे सरळ बँक ऑफ इंग्लंडलाच जाऊन विचारलं, की तुमचं सोनं चोरायचं झालं तर कसं चोरायचं, आणि तिथल्या लोकांनी बसून त्याला सांगितलं! या पटकथेला पुढे ऑस्कर मिळालं. बँकवाल्यांना विनोद कळत नाही असं मी पोस्टमध्ये लिहिलं होतं, ते त्यामुळे मागे.)

आता तिसरा मुद्दा. हा मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण इथे माझ्याकडे उत्तर नाही.

माझ्या पोस्टमध्ये एकच ओळ होती, 'असं काहीतरी खरंच घडलं होतं म्हणे'. म्हणे! तुम्ही त्या 'म्हणे'वर बोट ठेवलंत आणि ते लागलं. झालं होतं ते असं. २८ ऑगस्ट २००३, अमेरिकेतलं ईरी शहर. पिझ्झा पोचवणारा एक मध्यमवयीन माणूस गळ्यात बॉम्बचं कडं अडकवलेल्या अवस्थेत बँकेत शिरला, अडीच लाख डॉलर मागितले, हातात पडले ८,७०२. बाहेर पडला, थोड्याच वेळात पोलिसांनी घेरला, रस्त्यावर बसवून ठेवला आणि बॉम्बशोधक पथक पोचायच्या आत बॉम्ब फुटला. त्याच्याकडे हाताने लिहिलेल्या लांबलचक सूचना होत्या, इथे जा, मग तिथे जा, खजिन्याच्या खेळासारख्या. पुढे तपास करणाऱ्यांनी असंही म्हटलं की सुरुवातीला कटात तोही होता, घरच्यांनी ते कधीच मान्य केलं नाही. सिनेमा आला तेव्हा घरच्यांनी उघड नाराजी सांगितली. स्टुडिओचं म्हणणं पडलं की लेखकांना ते प्रकरण अंधुकसं ठाऊक होतं, दिग्दर्शक आणि कलाकारांना माहीत नव्हतं.

पोस्ट लिहिताना मला यातलं बरंचसं माहीत होतं काका. न कळून झालेली चूक नाही ही. सगळं लिहिलं तर विनोद उतरेल म्हणून एका ओळीत गुंडाळलं.

म्हणून परत बघितला. पहिल्या वेळी जिथे हसलो होतो तिथे बऱ्याच जागी परत हसू आलं, ते मी लपवणार नाही, त्या दोन मित्रांची बँकेत शिरायच्या आधीची भांडणं आजही भन्नाट आहेत. पण बॉम्बचं काय केलंय ते या वेळी दिसलं. त्या सिनेमात बॉम्ब म्हणजे निव्वळ घड्याळ आहे, पळा पळा म्हणायला ठेवलेलं. त्या पोराला भीती वाटते पण ती भीती पुढच्या जोकपर्यंतच टिकते. बँकेतली माणसं तर काय, हात वर करून उभी असलेली गर्दी. त्यातली एक बाई घरी गेल्यावर रात्री झोपली असेल का, हा प्रश्न मला पहिल्यांदा पडलाच नव्हता, आणि तुम्ही लिहिलंय ना, की 'चोराच्या हातातली बंदूक खोटी आहे हे प्रेक्षकाला माहीत असतं, काउंटरमागच्याला नसतं', त्यानंतर तो सीन मला आधीसारखा बघताच आला नाही.

आता यावरून तुमचा निष्कर्ष असा की खऱ्या गुन्ह्यावर विनोदी काही करूच नये. इथे मात्र मी अडून बसणार. 'डॉग डे आफ्टरनून' घ्या, १९७५ चा. ब्रुकलिनमध्ये २२ ऑगस्ट १९७२ ला झालेल्या खऱ्या प्रकारावर आहे. त्याला कुणी कॉमेडी म्हणत नाही पण पहिला अर्धा तास बघा, तिघं बँक लुटायला आत शिरतात आणि तिसऱ्याची हिंमत तिथेच खचते, तो म्हणतो मला नाही जमणार, मी घरी जातो. बँकेत कॅश बघतात तर जेमतेम अकराशे डॉलर, बाकी आधीच उचलून नेलेली. पुढे चोर झालेला ॲल पचिनो साथीदाराला विचारतो, पळून कुठल्या देशात जायचंय, तर तो गंभीरपणे म्हणतो, वायोमिंग. अमेरिकेतलंच राज्य ते! आपण हसतो. आणि वायोमिंग म्हणणारा हाच शेवटी गोळी लागून मरतो, तेव्हा ते हसू घशात अडकतं. खऱ्या घटनेतही लुटारूंच्या बाजूचा एक पोरगा मेला होता, अठरा वर्षांचा. तो सिनेमा आपल्याला हसवतो आणि हसल्याचं बिलही हातात ठेवतो. शिवाय त्यातल्या बँकेतल्या बायका बघा, प्रत्येकीला स्वभाव आहे, कुणी चोरालाच दरडावते, कुणी वैतागते. तुम्हाला त्यातली हेड कॅशियर नक्की आवडेल.

फरक तिथे आहे असं मला वाटतं. विषय तोच, ओलीस तेच, हसूही तितकंच. 'थर्टी मिनिट्स' बिल द्यायच्या आधी दारातून सटकतो.

एक राहिलं. 'ज्यांना हसू आलं नाही त्यांना सिनेमा कळला नाही' हे माझं वाक्य माजोरडं होतं, मागे घेतो. तुम्हाला सिनेमा कळला होता, हसू आलं नाही ही वेगळी गोष्ट.

'म्हणे'वाली ओळ पोस्टमधून उडवलेली नाही, खोडून तशीच ठेवलीये, नाहीतर नंतर येणाऱ्याला वाटेल की कॅशियर काका कशावर एवढे भडकलेत. त्याखाली ईरीच्या प्रकाराची चार वाक्यं टाकलीत. पोस्टचं बाकीचं तसंच आहे, ती भांडणं भन्नाट आहेत हेही तसंच आहे, त्यावर हवं तर परत भांडू. पण आधी 'गब'वाला सीन बघा आणि मला सांगा, तुमच्या काउंटरवर अशी चिठ्ठी आली असती तर तुम्ही सही मागितली असती की नाही?