‘सहल’ या शेऱ्याला उत्तर

महोदय,

ठाण्यातल्या आमच्या नववी-दहावीच्या मुलांनी उरण, पनवेल आणि मुरबाड तालुक्यांतल्या स्वातंत्र्यसैनिकांची माहिती गोळा केली, त्यासंबंधीच्या माझ्या लेखावर आपण ‘एक अभ्यासक’ या नावाने प्रदीर्घ प्रतिक्रिया लिहिली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा सारांश देतो. मुलांनी नातवंडा-पतवंडांच्या गप्पा टिपून आणल्या; एकही नोंद सरकारी दप्तराशी ताडून न पाहता प्रसिद्ध झाली; निवृत्तिवेतनाच्या आशेने रचलेल्या घराण्यांच्या कथा त्यांत असू शकतात; गावांपुढे तालुके दिलेले नाहीत; इंग्रजांविरुद्ध उठलेले महादेव कोळी या आदिवासी जमातीचे पुढारी रघोजी भांगरे यांना क्रांतिकारक म्हणताना समकालीन कागद त्यांना दरोडेखोर म्हणतात हे सांगितलेले नाही; आणि शेवटी आपले ते वाक्य, ‘ही सहल आहे, संशोधन नव्हे; सरांनी मुलांना आधी पुराभिलेखागाराचा जिना दाखवावा.’

तालुक्यांचा मुद्दा मान्य आहे. मोठी जुई आणि धाकटी जुई ही गावे उरण तालुक्यात आहेत हे घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्या वाचकाला ठाऊक असेलच असे नाही. तालुके आता घातले आहेत, आणि या सूचनेबद्दल आभारही मानतो.

आता सहलीविषयी. मतभेद मला नवे नाहीत. इतिहास शिकवण्यात माझे आयुष्य गेले आहे, आणि वर्गातल्या शेवटच्या बाकावरून आलेले प्रश्न आपल्या प्रश्नांहून अधिक अवघड असत. परंतु चौदा-पंधरा वर्षांची मुले रविवारची झोप मोडून, एसटी पकडून, अनोळखी घरांच्या ओट्यावर वही उघडून बसतात, तेव्हा एखाद्या प्रौढ माणसाने घरबसल्या, स्वतःचे नावही न देता, त्यांच्या कामाला एका शब्दात निकालात काढावे, हा टीकेचा प्रकार नसून हिणवण्याचा प्रकार आहे. शेरा माझ्यावर असता तर मी सोडून दिला असता. तो मुलांनी वाचला आहे.

आणि जिन्याचे म्हणाल, तर काळा घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतल्या त्या पुराभिलेखागारात, म्हणजे जुन्या सरकारी कागदांच्या संग्रहात, मी आपल्या आधी गेलेलो असण्याचीच शक्यता अधिक. मुंबई सरकारच्या गृहखात्याच्या विशेष शाखेच्या फायली मी तिथे बसून हाताने उतरून घेतल्या आहेत. त्यामुळे कागदाचे महत्त्व मला कोणी शिकवावे अशी परिस्थिती नाही. पण त्या फायली ज्याने खरोखर वाचल्या आहेत, त्याला त्यांतून काय मिळत नाही हेही कळलेले असते, आणि आपल्या प्रतिक्रियेत त्या जाणिवेचा मागमूस दिसत नाही.

उरण तालुक्यातल्या चिरनेरचेच उदाहरण घेऊ. १९३० च्या एप्रिलमध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. पावसाळा लागला की मिठागरात मीठ पिकत नाही, म्हणून चळवळीला दुसरा कायदा मोडणे भाग होते, आणि आपल्याकडे तो जंगलाचा कायदा ठरला. लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलै १९३० रोजी पुसद येथे जंगल सत्याग्रह केला आणि ते लोण मध्य प्रांत-वऱ्हाडातून कोकणापर्यंत आले. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या अक्कादेवीच्या डोंगरावर आसपासच्या गावांतले लोक जमले आणि पोलिसांचा गोळीबार झाला. त्यात धाकू गवत्या फोफेरकर, नवश्या महादेव कातकरी, रामजी बामा कोळी, अनंत माया पाटील, रघुनाथ मोरेश्वर न्हावी, परशुराम रामा पाटील, हसुराम बुध्या घरत आणि आलू बेमट्या म्हात्रे हे आठ सत्याग्रही हुतात्मा झाले. मामलेदार जोशी हेही त्या दिवशी मरण पावले. दरवर्षी त्याच तारखेला चिरनेरच्या स्मारकापाशी मानवंदना दिली जाते, आणि ज्याला ही केवळ गावाची आठवण वाटते त्याने एकदा तिथे जाऊन उभे राहावे.

ही आठ नावे आपल्या त्या दप्तरात शोधून पाहावीत. कातकरी, कोळी, न्हावी ही आडनावे म्हणजे कारकुनाने जमात किंवा व्यवसाय विचारून लिहिलेले उत्तर असावे, असे मानण्यास पुष्कळ जागा आहे. वडिलांचे नाव इंग्रजी स्पेलिंगमधून जाऊन परत मराठीत येईपर्यंत ओळखू येत नाही. एका कागदात गाव वडिलांचे असते, दुसऱ्यात सासुरवाडीचे. केवळ फाइल घेऊन बसणाऱ्याला ‘नवश्या’ कोण हे कधीच कळणार नाही. ते वाडीवर कळते. मुलांना आधी गावात नेण्याचे माझे कारण हे आहे. नाव, गाव, नाते एकदा पक्के झाले की मग फाइल उघडावी, म्हणजे ती बोलते. आपण क्रम उलटा सांगता आणि त्याला शिस्त म्हणता.

शिवाय फाइल कोणासाठी लिहिली गेली, हाही प्रश्न आहे. इंग्रज सरकारच्या दृष्टीने चिरनेरला एक जमाव होता, त्यात आरोपी होते आणि बंदोबस्त अपुरा पडला होता. मुलांना चिरनेरच्या परिसरात घरोघर ऐकायला मिळाले ते सरपण, गुरचराई आणि रानरक्षकाने हिसकावून घेतलेला कोयता. १८७८ च्या आणि पुढे १९२७ च्या वन कायद्याने डोंगर राखीव झाला, म्हणजे त्या घरातल्या बाईला मोळी आणण्यासाठी काय करावे लागे, हे पणजीकडून आजीला आणि आजीकडून नातीला आलेले सांगणे आहे. लोक काँग्रेसच्या ठरावासाठी डोंगरावर गेले की मोळीसाठी, हा इतिहासातला खरा प्रश्न आहे, आणि तो आमच्या एका विद्यार्थिनीने वहीत स्वतःहून लिहिला. याला आपण सहल म्हणता.

तोंडी सांगण्यात घोळ होतात हे मला मान्य नाही असे कोणी समजू नये. उरण भागात ‘इथले हुतात्मे कोण’ असे विचारले की निम्मे लोक १९३० सांगतात आणि निम्मे १९८४ सांगतात. नवी मुंबई आणि न्हावा-शेवा बंदरासाठी घेतलेल्या जमिनीच्या भावासाठी झालेल्या आंदोलनात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी गोळीबार होऊन पाच जण गेले, ती जखम अजून ताजी आहे आणि तिथल्या माणसाच्या मनात दोन्ही गोळीबार शेजारी शेजारी बसलेले आहेत. मुलांच्या पहिल्या वहीत ते एकत्र आले होते. ते वेगळे करण्याचे काम मी केलेले नाही, मुलांनीच केले, सांगणाऱ्याचे वय आणि त्याने उल्लेखलेली बंदराची गोष्ट यांवरून. परीक्षेसाठी सनावळी पाठ करणाऱ्या मुलाला हे कधी सुचत नाही.

निवृत्तिवेतनाचा मुद्दा आपण एका वाक्यात उरकला आहे, म्हणून मीही तो फार लांबवत नाही. केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली आणि तिच्यासाठी साधारणपणे किमान सहा महिन्यांच्या कारावासाची अट होती. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ती तीन महिन्यांची होती. खोट्या स्वातंत्र्यसैनिकांची प्रकरणे महाराष्ट्रात गाजली आहेत, बीड जिल्ह्यातले प्रकरण न्यायालयात गेले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण या गोष्टीची दुसरी बाजू आपल्याला दिसली नाही. माझे आजोळ मुरबाड तालुक्यातले. १९४२ च्या हिवाळ्यात भाई कोतवालांचा आझाद दस्ता, म्हणजे भूमिगत क्रांतिकारकांची तुकडी, त्या रानात होता, मुंबईकडे वीज नेणारे मनोरे त्यांनी पाडले होते, आणि रात्री रानात भाकरी पोचवणारी जी घरे होती त्यांत माझ्या आजीचे घर होते. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर कोतवाल आणि हिराजी पाटील मारले गेले, त्यानंतर पुढे कित्येक दिवस आजी चूल दिवसाढवळ्याच पेटवी, कारण रात्री जाळ दिसला तर काय होईल हे तिला कळले होते. तिला अटक झाली नाही, शिक्षा झाली नाही, ताम्रपट मिळाला नाही, आणि तिने तो मागितलाही नाही. तिच्या नावाचा कागद कोणत्याही दप्तरात नाही. आपल्या नियमाने ती नव्हतीच. अशा माणसाच्या नातवाला ‘घराण्यांनी रचलेल्या कथा’ हे शब्द वाचून काय वाटेल, याचा विचार तुम्ही लिहिण्यापूर्वी केला असता तर बरे झाले असते.

मी कागदाच्या विरोधात आहे, असा गैरसमज पसरू नये म्हणून शिरढोणचेही सांगतो. वासुदेव बळवंत फडके यांचे हे गाव पनवेल तालुक्यात, आमच्यापासून फार लांब नाही. १८७९ मध्ये फडके पकडले गेले तेव्हा त्यांनी स्वतः लिहिलेली रोजनिशी आणि आत्मवृत्त पोलिसांच्या हाती पडले आणि खटल्यात त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरले गेले. आज त्यांचे स्वतःचे शब्द वाचता येतात ते केवळ पोलिसांनी जप्त केले म्हणून. मुलांना मी ते वाचून दाखवले आहे, आणि बंडखोराचा आवाज सरकारच्या कपाटातून कसा येतो हेही सांगितले आहे. आपण अभ्यासक आहात, तेव्हा हे आपल्याला माहीत असणारच. माहीत नसेल तर निदान टोपणनाव तरी बदलावे.

नोंदी ताडून पाहण्याविषयी इतकेच की ते काम चालू आहे. एका कार्यालयाने मुलांना पत्र आणा, शिक्का आणा, सुट्टी संपल्यावर या, असे सांगून दोनदा परत पाठवले, आणि ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात, जे १८९३ पासून उभे आहे, त्यांना जुन्या पुस्तकांसमोर बसायला जागा मिळाली. नोंदी आधी का प्रसिद्ध केल्या असे विचाराल, तर त्या वाचून इतर घरांतून माणसे पुढे यावीत म्हणून, आणि तशी ती आली आहेत. याहून अधिक स्पष्टीकरण देण्याचे मला कारण दिसत नाही.

राहिले रघोजी भांगरे. त्यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. हा तुरुंग म्हणजे पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतलेला आणि १७७४ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेलेला ठाण्याचा किल्ला. मुले रोज शाळेत जाता-येता त्याच्या भिंतीशेजारून जातात. याच तुरुंगात १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधासाठी फासावर दिले गेले. कान्हेरे अठरा वर्षांचे होते, म्हणजे आमच्या दहावीच्या मुलांहून थोडेसेच मोठे. कान्हेऱ्यांना इंग्रजांचा कागद खुनी म्हणतो. त्यांच्या नोंदीत तो शब्द घाला, अशी सूचना आपण केलेली नाही. भांगऱ्यांच्या बाबतीत मात्र समकालीन कागदाची आठवण आपल्याला तत्परतेने झाली. महादेव कोळ्यांचा माणूस असला की कागद अधिक खरा होतो काय, हा प्रश्न मला विचारावासा वाटतो, आणि तो विचारतो आहे.

त्या नोंदीत बदल होणार आहे, पण आपण सुचवलेला नव्हे. ‘दरोडेखोर’ हा शब्द कोणत्या अधिकाऱ्याने, कोणत्या हुद्द्यावरून आणि कोणासाठी लिहिला, हे शोधून दहावीतली दोन मुले तो शब्द अवतरणात आणि लिहिणाऱ्याच्या नावासह देतील. दिवाळीच्या सुट्टीत त्यांना त्यासाठी मुंबईला जायचे आहे. पत्र आणि शिक्का या वेळी आम्ही आधीच घेतला आहे.