पोरांना पाण्यात ढकलायचे सल्ले देणं थांबवा

एक मेसेज जिकडे तिकडे फिरतोय. पोरांना सरळ पाण्यात ढकला, जीव वाचवायला हातपाय मारतात आणि आपोआप पोहायला शिकतात, ट्रेनिंगवाले इन्स्ट्रक्टर म्हणजे पैसे उकळायचे धंदे, पट्टीचा पोहणारा कोणीही शिकवेल, आणि एकदा पोहता आलं की टेन्शन संपलं. तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत आणि धोक्याच्या पण.

आपोआप वगैरे काही होत नाही हो. ढकललेलं पोर दचकून श्वास ओढतं, नाकातोंडात पाणी जातं, हात आपटून दमतं आणि पाण्याची कायमची धास्ती घेऊ शकतं. तरंगायला शिकवताना डोक्याखाली तळहात ठेवायचा, कान पाण्यात, हनुवटी आणि पोट वर, मान ताठ आहे तोवर हात काढायचा नाही, सैल पडली की मग एकेक बोट काढत जायचं, पोराला कळतसुद्धा नाही हात कधी गेला ते. हे शिकवणाऱ्याला शिकावंच लागतं.

पट्टीचा पोहणारा कोणीही शिकवेल म्हणे. अहो, पण बुडणारं पोर बहुतेक वेळा ओरडतच नाही! तोंड पाण्याच्या वरखाली होत असतं, श्वासालाच फुरसत नाही तर हाक कुठून मारणार, आणि 20 ते 60 सेकंदांत ते खाली जाऊ शकतं. फ्रँक पिया या लाइफगार्डने हे नीट बघून मांडलंय. घोळक्यातलं गप्प झालेलं पोर ओळखायला नजर तयार करावी लागते. शिवाय बाहेर काढल्यावर पोट दाबत बसायचं नसतं, श्वास बंद असेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचा आणि सीपीआर, म्हणजे छाती दाबणं आणि मधून श्वास देणं, सुरू करायचा, हे माहीत नसलेल्या माणसाकडे पोरं सोपवायची?

आणि पोहता आलं की टेन्शन संपलं, हे तर सगळ्यात वाईट. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 मध्ये जगभरात सुमारे 3 लाख लोक बुडून गेले, त्यातली जवळपास पाव हिस्सा 5 वर्षांखालची पोरं, म्हणजे तिथे पोहण्याचा प्रश्नच नाही, तिथे कुंपण, झाकण आणि मोठ्या माणसाची नजर लागते. मोठ्या पोरांचं वेगळंच, पूलमध्ये पोहणारं पोर वाहत्या पाण्यात मित्राला वाचवायला उडी टाकतं आणि दोघंही जातात. म्हणून उडी मारू नको, काठावर पालथा पड, काठी नाहीतर टॉवेल पुढे कर, रिकामा कॅन फेक, मोठ्यांना हाक मार, हे पोहण्याइतकंच घोटून घ्यायला हवं. तुमच्या पोराच्या क्लासमध्ये घेतात का हे, जाऊन विचारा, आणि सरांना सीपीआर येतो का तेही.