"समजलं का?" हा प्रश्न वॉर्डातून काढून टाका

डिस्चार्जच्या दिवशी सिस्टर पाच मिनिटांत सगळं सांगतात आणि शेवटी विचारतात, "समजलं ना आजी?" आजी मान डोलावतात. सिस्टरांना "नाही" म्हणणं त्यांना बरं वाटत नाही, शिवाय मुलगा बाहेर रिक्षा लावून उभा असतो. या "हो"च्या भरवशावर रुग्णाला घरी सोडणं धोक्याचं आहे, असं माझं ठाम मत आहे.

इन्सुलिनचंच घ्या. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचं असतं आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. १०० युनिटच्या इन्सुलिनची सिरिंज केशरी टोपणाची. ४० ची बाटली असताना मेडिकलमधून केशरी सिरिंज आली आणि आजींनी २० च्या खुणेपर्यंत भरलं, तर अंगात जातात फक्त ८ युनिट. उलट, १०० च्या बाटलीला लाल सिरिंज लावली तर २० ऐवजी ५०, आणि शुगर इतकी उतरते की जिवावर बेतू शकतं. "वीस घ्या आजी" हे सांगणं दोन्ही वेळा बरोबरच होतं आणि आजींनीही ऐकलं तसंच केलं.

म्हणून विचारू नका, करून दाखवायला सांगा. "मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय. घरी कसं घेणार ते दाखवा बरं." असं म्हटलं की परीक्षा सिस्टरची होते, रुग्णाला ओशाळं वाटत नाही. मग नुसतं बघा: बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळवला का? दुधाळ इन्सुलिन तळहातांत हळूहळू फिरवलं की गदागदा हलवलं? बुडबुडा काढला का? बेंबीपासून दोन इंच सोडून टोचलं का, की रोज त्याच गाठ आलेल्या जागी? जिथे चुकलं तेवढंच पुन्हा सांगा आणि पुन्हा करवून घ्या. एका वेळी दोन-तीन गोष्टी पुरे. त्यामुळेच हे शिकवणं दाखल झाल्यापासून रोज थोडं थोडं व्हायला हवं, शेवटच्या तासात ते मावत नाही.

आणि घरी सुई कोण टोचणार, हे आधी विचारा. कागदावर सही मुलगा करतो, इंजेक्शन सून देते, आणि शिकवताना ती तिथे नसतेच. तिला भेटीच्या वेळेत बोलवून घ्या.

शुगर उतरल्यावर काय करायचं, हेही त्यांच्याच तोंडून यायला हवं. "अचानक घाम फुटला, हातपाय थरथरले तर काय कराल?" यावर "दवाखान्यात येऊ" असं उत्तर आलं, तर शिकवणं अपुरं आहे. आधी तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी शुगर पुन्हा तपासायची, ७० च्या खालीच असेल तर पुन्हा साखर, मग खाणं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना. संकष्टीला, एकादशीला इन्सुलिनचं काय करणार, हेही विचाराच. रुग्ण आपणहून ते क्वचितच काढतात.

हाच नियम इतर ठिकाणीही लागू आहे. "तुम्ही पाटीलच ना?" याला अर्धवट गुंगीतला माणूस हो म्हणतो, पूर्ण नाव त्यालाच सांगू द्या आणि मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहा. ऑपरेशनआधी "काही खाल्लं नाही ना?" यावर "नाही" येतं, कारण चहा कुणी खाण्यात धरत नाही. पण दुधाच्या चहानंतर भूल देण्याआधी सहा तास जावे लागतात. "उठल्यापासून तोंडात काय काय गेलं?" असं विचारा, चहा लगेच बाहेर येतो.

एकेका सिस्टरवर किती खाटा असतात हे कुणाला सांगायला नको, आणि त्यात वेळ कुठून आणायचा हा प्रश्न खराच आहे. प्रशासनाने माणसं वाढवलीच पाहिजेत. तोवर निदान इन्सुलिन, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि दम्याचा पंप, या तिघांना तरी सूट नको. नर्सिंग नोट्समध्येही "माहिती दिली" एवढंच न लिहिता "रुग्णाने स्वतः २० युनिट भरून दाखवले, जागा बदलणे अजून जमत नाही" असं लिहा, म्हणजे रात्रपाळीच्या सिस्टरला कुठून पुढे शिकवायचं ते कळेल.