टोल्कीनचा मोरिया बायबलमधला नव्हे

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या बुटक्यांच्या खाणीला टोल्कीनने मोरिया हे नाव बायबलवरून दिलं, कारण तो श्रद्धाळू कॅथलिक होता आणि अब्राहाम इसहाकाचा बळी द्यायला मोरिया देशातच गेला होता, असा दावा सतत पुढे पाठवला जातो. त्याची श्रद्धा खरी. बाकीचं टिकत नाही.

पहिला आधार दिला जातो स्पेलिंगचा. इंग्रजी बायबलमध्ये बहुतेक ठिकाणी हे नाव शेवटी 'एच' लावून लिहितात. डुए-रीम्स या जुन्या कॅथलिक भाषांतरात मात्र शलमोनाच्या मंदिराचा डोंगर 'एच'शिवायच आहे (2 इतिहास 3:1). इथवर दाव्याला बळ मिळतं. पण त्याच भाषांतरात अब्राहामाच्या कथेत (उत्पत्ती 22:2) मोरिया हे नावच येत नाही. लॅटिन पाठाप्रमाणे तिथे 'दर्शनाचा देश' असं आहे. कॅथलिक पाठ धरला, की अब्राहाम सुटतो.

उच्चारही वेगळा. देवनागरीत दोन्ही नावं सारखीच दिसतात, पण इंग्रजीत बायबलमधल्या नावाचा आघात 'रि'वर पडतो. टोल्कीनने एल्फांसाठी (त्याच्या कथांमधल्या एका अमर वंशासाठी) रचलेल्या सिंडारिन भाषेत शेवटून दुसरं अक्षर ऱ्हस्व असेल आणि त्याच्यापुढे जोडव्यंजन नसेल, तर आघात त्याआधीच्या अक्षरावर जातो. म्हणून खाणीच्या नावात तो 'मो'वर आहे.

दुसरा मुद्दा जास्त हुशारीचा: बुटक्यांची भाषा सेमिटिक (हिब्रू, अरबी यांच्या कुळातल्या भाषांच्या) वळणाची आहे, म्हणून मोरियाही हिब्रू. पहिला अर्धा भाग टोल्कीनने स्वतः सांगितलेला आहे. पण मोरिया हा बुटक्यांचा शब्द नाही! त्यांचं नाव खझाद-दूम. त्यातल्या 'खझाद'मध्ये ख-झ-द हा तीन व्यंजनांचा धातू सेमिटिक पद्धतीचा आहे. मोरिया हे एल्फांनी दिलेलं नाव, तेही प्रेमाने नव्हे, असं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या परिशिष्टात लिहिलं आहे. ते सिंडारिनमधलं, आणि सिंडारिनचा नाद वेल्श भाषेवर बेतलेला आहे. 'मोर' म्हणजे काळा, 'इआ' म्हणजे खोल पोकळी. हाच 'मोर' त्याच्या कथांमधल्या मॉर्डोर, मोरानॉन, मॉर्गोथ या नावांतही आहे. 1930च्या दशकातल्या टोल्कीनच्या धातुकोशात 'यग्' (जांभई देणे, आ वासणे) या धातूखाली मोरियाचा अर्थ 'काळी दरी' असा नोंदलेला आहे.

मग हा ध्वनी आला कुठून? 1967च्या एका पत्राच्या मसुद्यात टोल्कीनने ते सांगितलं आहे. 'सोरिया मोरिया किल्ला' ही नॉर्वेजियन लोककथा डेसेंटच्या इंग्रजी अनुवादातून त्याला माहीत होती. कथेत त्याला रस नव्हता. नावाचा नाद आवडला, इंग्रजीतल्या 'माइन्स'शी (खाणी) त्याचा अनुप्रास जुळला, आणि त्याच्या भाषेतल्या 'मोर'शी ते आपोआप जोडलं गेलं. 1937च्या 'हॉबिट' या त्याच्या कादंबरीत ते पहिल्यांदा छापलं गेलं. म्हणजे नाद बाहेरचा, अर्थ आतला. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या नाहीत, तर कल्पित भाषेतल्या कुठल्याही शब्दाची व्युत्पत्ती चुकते. 'मोरिया नॉर्वेजियन शब्द आहे' असं म्हणणंही म्हणूनच अपुरं.

अब्राहामाशी असलेला संबंध त्याच पत्रात स्पष्ट शब्दांत नाकारला आहे. 'लेखक उगम लपवतात' हा आक्षेप इथे लागू पडत नाही. त्याच्या कथांमधलं एआरेन्डिल हे नाव जुन्या इंग्रजीतल्या 'एआरेन्डेल'वरून घेतल्याचं त्याच पत्रात तो मोकळेपणाने सांगतो, आणि त्याच्याच एका कल्पित भाषेतला अंगठीसाठीचा 'नाझ्ग' हा शब्द गेलिक 'नास्क'वरून नकळत आला असण्याची शक्यताही मान्य करतो.